मोनालिसा फ्रान्सकडे गेली कशी? उत्तर आंब्वाजच्या एका जुन्या वाड्यात आहे

१९ ऑक्टोबर २०२५ ला पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून भरदिवसा, काही मिनिटांत राजघराण्याचे दागिने चोरीला गेले. ती बातमी आली आणि त्या पाठोपाठ आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर जुनाच मजकूर नव्याने फिरू लागला: “चोराच्या घरी चोरी! मोनालिसा तरी कुणाची? नेपोलियनने इटलीतून लुटून आणलेली!” खाली कोहिनूरचा उल्लेख आणि हसणारे चार चेहरे.

असा समज असणारे आपण एकटेच नाही. २१ ऑगस्ट १९११ ला विन्चेन्झो पेरुज्जा नावाच्या इटालियन कामगाराने मोनालिसा भिंतीवरून काढून थेट घरी नेली. दोन वर्षांनी फ्लॉरेन्समध्ये पकडला गेल्यावर त्याने हेच सांगितलं, की नेपोलियनने लुटलेलं चित्र मी मायदेशी परत आणलं. लूव्रमध्ये चित्रांना काचा बसवण्याचं काम केलेला माणूस होता तो, पण तारखांचं गणित त्याने केलं नव्हतं. नेपोलियन जन्मला १७६९ मध्ये. मोनालिसा फ्रान्समध्ये आली त्याच्या अडीचशे वर्षं आधी, आणि आणली खुद्द लिओनार्डो दा विंचीने.

ती आली पॅरिसला नव्हे, तर ल्वार नदीकाठच्या आंब्वाज नावाच्या छोट्या गावात, किल्ल्याजवळच्या एका विटांच्या वाड्यात. आज त्या वाड्याला ‘क्लो ल्यूसे’ म्हणतात. तेव्हा नुसतं ‘क्लू’ म्हणत. चित्र कुणाचं हा प्रश्न सोडवायचा तर आधी हा वाडा समजून घ्यावा लागतो.

मॅनॉर म्हणजे किल्ला नव्हे, साधं घरही नव्हे

युरोपच्या इतिहासात ‘मॅनॉर’ हा शब्द सारखा भेटतो. फ्रेंचमध्ये त्याला ‘मान्वार’ म्हणतात. जमिनीचा अधिकार असलेल्या माणसाचं राहतं घर म्हणजे मॅनॉर. घराभोवती बाग, शेत, तबेला, कबुतरखाना. आपल्याकडच्या पाटलांच्या किंवा देशमुखांच्या गढीशी त्याचं जवळचं नातं आहे. दरारा असतो, भिंत असते, पण वेढा पडला तर महिनोन्‌महिने झुंजायची सोय नसते. ते काम किल्ल्याचं.

कबुतरखाना म्हणजे हौसेची गोष्ट नव्हती, बरं का. फ्रान्सच्या अनेक प्रांतांत मोठा कबुतरखाना बाळगणं हा जमीनदाराचा खास हक्क होता. कबुतरं त्याची, पण दाणे खायची ती कुळांच्या शेतातले, आणि कुळाने त्यांना हात लावायचा नाही. या हक्कावर लोकांचा इतका राग होता, की क्रांतीच्या वेळी ऑगस्ट १७८९ मध्ये जे सरंजामी हक्क रद्द झाले, त्यांत कबुतरांचा हक्क आवर्जून होता.

आंब्वाजमध्ये किल्ला आणि वाडा अशी जोडगोळी आहे. नदीवर झुकलेल्या खडकावर राजाचा किल्ला, आणि तिथून अर्ध्या किलोमीटरहूनही कमी अंतरावर, जुन्या गावाच्या बाहेर, हा वाडा. रायगड आणि पायथ्याचा पाचाडचा वाडा ज्यांनी पाहिलाय त्यांना मांडणी लगेच कळेल. गडावर सत्ता, आणि जवळच जरा मोकळ्या जागी माणसासारखं राहता येईल असं घर. अंतर आणि चढ मात्र इथे पाचाडच्या मानाने काहीच नाही.

राजा पॅरिस सोडून इथे काय करत होता?

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात शंभराहून जास्त वर्षं रखडलेलं युद्ध १४५३ मध्ये संपलं. त्या युद्धात पॅरिस बरीच वर्षं इंग्रजांच्या हातात होतं. मग फ्रेंच राजे ल्वारच्या खोऱ्यात सरकले, आणि पॅरिस परत मिळाल्यावरही त्यांचा पाय तिथून निघेना. हवा चांगली, शिकारीला जंगलं, नदीतून मालाची ने-आण सोपी. अकराव्या लुईने आपली राणी आणि वारस यांना आंब्वाजच्या किल्ल्यात ठेवलं. वारस, म्हणजे पुढचा आठवा चार्ल्स, तिथेच १४७० मध्ये जन्मला.

लगेच पुढच्या वर्षी, १४७१ मध्ये, एत्येन ल लू नावाच्या राजाच्या मर्जीतल्या माणसाने हा वाडा बांधला. मुदपाकखान्यातला पोऱ्या म्हणून सुरुवात करून तो सरदारपदाला पोचला असं सांगतात. खरं असेल तर वाडा म्हणजे त्या चढत्या नशिबाची जाहिरातच म्हणायची.

२ जुलै १४९० ला आठव्या चार्ल्सने तो ३५०० सोन्याच्या एक्यूंना विकत घेतला. एक्यू हे सोन्याचं नाणं, मोहर म्हणा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशी तुलना करायची आहे. चार्ल्सने राणी ॲनसाठी वाड्यात एक छोटं प्रार्थनाघर बांधलं. या जोडप्याची सगळी मुलं लहानपणीच गेली. १४९८ मध्ये चार्ल्सही गेला, तोही आंब्वाजच्याच किल्ल्यात. ठेंगण्या दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं आणि काही तासांत संपला, वय २७. आपल्याकडे जुन्या वाड्यातल्या ठेंगण्या दारातून जाताना “वाका!” म्हणतात, ते उगीच नाही.

भिंत वाचायची कशी?

कागद नसले तरी इमारत बरंच बोलते. क्लूच्या वाड्यात दोन गोष्टी पाहणाऱ्याच्या लगेच डोळ्यांत भरतात: गुलाबी वीट आणि पांढरा दगड. भिंती विटांच्या, कोपरे, खिडक्यांच्या चौकटी, नक्षी दगडाची.

हा दगड ‘तुफो’ नावाचा चुनखडीचा. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी त्या भागावर समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेला गाळ. खाणीतून काढताना इतका मऊ, की करवतीने कापावा; हवा लागली की पृष्ठभाग कडक होतो. कोकणी माणसाला हे नवीन नाही. आपला जांभाही खाणीत मऊ असतो, चिरे पाडून हवेला ठेवले की टणक होतात. दोन्ही दगडांचं रसायन वेगळं, पण गवंड्याची सोय तीच. फरक एक: जांभा खरबरीत, त्यावर नाजूक नक्षी उमटत नाही. तुफोवर पानं, फुलं, देवदूत, काय हवं ते कोरता येतं. ल्वारकाठच्या सगळ्या प्रासादांची लेस विणल्यासारखी दिसणारी नक्षी या मऊपणामुळे शक्य झाली. याच मऊपणामुळे पाऊस आणि धूर त्याला खातात, आणि दर काही पिढ्यांनी दगड बदलावे लागतात. ‘पंधराव्या शतकाची भिंत’ म्हणून आपण ज्यावर हात ठेवतो तो दगड एकोणिसाव्या शतकातला असू शकतो.

दुसरी खूण म्हणजे अष्टकोनी जिना. तो घराच्या पोटात नाही. स्वतंत्र बुरुजासारखा बाहेर काढलेला आहे. त्या काळच्या फ्रान्समध्ये दर्शनी बाजूला असा गोल फिरत जाणारा जिना असणं म्हणजे घरमालक खानदानी आहे, हे रस्त्यावरून कळण्याची सोय. आणि खिडक्या मोठ्या आहेत. युद्धाच्या काळात एवढ्या मोठ्या खिडक्या कोणी ठेवत नाही. म्हणजे बांधणाऱ्याला बाणांची भीती उरली नव्हती, उजेड हवा होता. १४७१ हा आकडा कागदावर नसता तरी जाणकाराने नुसत्या दर्शनी भिंतीवरून साधारण तोच काळ सांगितला असता.

चौसष्ट वर्षांचा म्हातारा आल्प्स ओलांडून का आला?

साध्या शब्दांत: काम देणारा मेला म्हणून.

लिओनार्डो १५१३ पासून रोममध्ये जुलियानो दे मेदिची याच्या आश्रयाने राहत होता. तिथे सगळी मोठी कामं मायकेलँजेलो आणि राफाएल यांच्याकडे. मार्च १५१६ मध्ये जुलियानो वारला. दरम्यान फ्रान्सच्या गादीवर पहिला फ्रान्स्वा आला होता. विशीतला, उंचापुरा, इटलीच्या प्रेमात पडलेला. आदल्याच वर्षी लढाई जिंकून त्याने मिलान घेतलं होतं. लिओनार्डोलाही फ्रेंच नवे नव्हते. मिलानचा आधीचा फ्रेंच सुभेदार शार्ल दांब्वाज याच्यासाठी त्याने काम केलं होतं. आडनाव पाहिलंत? त्याचं घराणं याच आंब्वाजचं.

फ्रान्स्वाचं बालपण आंब्वाजमध्येच, आई लुईझ आणि बहीण मार्गरीत यांच्यासोबत गेलं होतं. त्याने लिओनार्डोला क्लूचा वाडा राहायला दिला आणि ‘राजाचा पहिला चित्रकार, अभियंता आणि वास्तुविशारद’ असा हुद्दा दिला. मानधन वर्षाला १००० एक्यू. म्हणजे आठव्या चार्ल्सने २६ वर्षांपूर्वी जो वाडा ३५०० एक्यूंना घेतला, तशा वाड्याची किंमत साडेतीन वर्षांच्या मानधनात निघावी. नाण्याचा भाव मधल्या काळात थोडा बदलला होता, तरी अंदाज यायला एवढं पुरे. सोबतच्या फ्रान्चेस्को मेल्झी या शिष्याला वर्षाला ४०० एक्यू, आणि सालाई या जुन्या साथीदाराला एकदा १०० दिल्याची नोंद आहे.

इथे एक गैरसमज लगेच काढून टाकू. ‘राजाने लिओनार्डोला राजवाडा बक्षीस दिला’ असं ठिकठिकाणी लिहिलेलं असतं. बक्षीस नाही, राहायला दिला होता. सरकारी अधिकाऱ्याला बंगला मिळतो तसा. याचा पुरावा त्याच्या मृत्युपत्रातच आहे. त्यात मिलानबाहेरची बाग आहे, कपडे आहेत, पुस्तकं आहेत; क्लूचा वाडा कुणाला द्यायचा हे नाही, कारण तो त्याचा नव्हताच.

पाहुण्याची डायरी

१० ऑक्टोबर १५१७ ला आरागॉनचे कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चमधले बडे धर्माधिकारी, लुईजी या वाड्यावर आले. त्यांच्यासोबत आंतोनियो दे बेआतिस नावाचे चिटणीस होते, आणि त्यांना रोज डायरी लिहायची सवय होती. इतिहासावर एवढे उपकार फार कमी चिटणिसांनी केले असतील. त्यांनी नोंदवलं, की म्हाताऱ्या लिओनार्डोने आम्हाला तीन चित्रं दाखवली. एक फ्लॉरेन्सच्या कुणा बाईचं, कै. जुलियानो मेदिची यांच्या सांगण्यावरून काढलेलं. दुसरं तरुण संत जॉनचं. तिसरं संत ॲन (मेरीची आई), तिच्या मांडीवर मेरी आणि बाळ येशू यांचं. तिन्ही अप्रतिम.

दुसरं आणि तिसरं चित्र आज लूव्रमध्ये आहे. पहिलं म्हणजे मोनालिसा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

शंका येईल: मोनालिसा तर फ्लॉरेन्सच्या एका रेशीम व्यापाऱ्याची बायको, लिझा, मग त्यात जुलियानो कुठून आला? शंका रास्त आहे. लिओनार्डो लिझाचं चित्र रंगवतोय हे १५०३ मध्ये फ्लॉरेन्सच्या एका सरकारी अधिकाऱ्याने पुस्तकाच्या समासात लिहून ठेवलेलं २००५ मध्ये सापडलं. त्यामुळे लिझाची बाजू भक्कम झाली. जुलियानोचं नाव कसं आलं यावर मात्र अजून वाद आहे. बेआतिस यांनी चुकीचं ऐकलं असेल, किंवा लिओनार्डोने चित्र पुढे जुलियानोसाठी पूर्ण करायला घेतलं असेल.

बेआतिस यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये याचं दुसरं कारणही आहे. त्यांनी लिओनार्डोचं वय सत्तरीच्या पुढे लिहिलंय. तो तेव्हा ६५ वर्षांचा होता. शिवाय त्याच्या उजव्या हाताला पक्षाघातासारखं काही झालं आहे, आता त्याच्याकडून आणखी उत्तम काम होईल असं वाटत नाही, असंही लिहिलंय. लिओनार्डो डावखुरा होता हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. तरी एक गोष्ट पक्की होते: १५१७ मध्ये चित्रं आंब्वाजमध्ये, लिओनार्डोच्याच ताब्यात होती. कुणी लुटून आणलेली नव्हती.

ताबा त्याचा, मग राजाची कधी झाली?

सगळ्यात गुंतागुंतीचा भाग हाच, म्हणून जरा सावकाश जाऊ.

मृत्युपत्र २३ एप्रिल १५१९ चं आहे. त्यानुसार मेल्झीला पुस्तकं आणि चित्रकलेच्या व्यवसायातली साधनं व चित्रं. सालाईला मिलानबाहेरच्या बागेचा अर्धा भाग, उरलेला अर्धा दुसऱ्या एका नोकराला. मोनालिसाचं नाव कुठेच नाही. एवढी मौल्यवान वस्तू मृत्युपत्रात नसेल तर एक सोपी शक्यता अशी, की ती तेव्हा त्याच्या मालकीची राहिली नव्हती.

या शक्यतेला बळ देणारा कागद १९९९ मध्ये उजेडात आला. फ्रेंच राजाच्या १५१८ सालच्या हिशेबात, सालाईने राजाला दिलेल्या काही चित्रफलकांबद्दल २६०४ लिव्र, ३ सू आणि ४ दन्ये दिल्याची नोंद आहे. लिव्र हे हिशेबातलं चलन. आपल्या जुन्या रुपये-आणे-पैसारखं: एका लिव्रचे २० सू, एका सूचे १२ दन्ये. त्या वेळी सोन्याचा एक एक्यू म्हणजे २ लिव्र. म्हणजे रक्कम झाली सुमारे १३०० एक्यू, लिओनार्डोच्या सव्वा वर्षाच्या मानधनाहून जास्त. अर्धा वाडा नाही येणार एवढ्यात, पण तिसऱ्या हिश्शाच्या वर खुशाल येईल. सालाई स्वतः साधारण वकुबाचा चित्रकार. त्याच्या चित्रांना एवढे पैसे कुणी देणार नाही. तेव्हा ती लिओनार्डोची असावीत, मोनालिसा त्यांतलीच एक असावी, आणि व्यवहार लिओनार्डो जिवंत असतानाच झाला, असं आज अनेक अभ्यासक धरून चालतात.

पण नोंदीत चित्रांची नावं नाहीत. कारकुनाने एक ओळ जास्त लिहिली असती तर कितीतरी प्रबंध वाचले असते.

“पण सालाईच्या घरी मोनालिसा सापडली होती ना?”

बरोबर. सालाई १५२४ मध्ये मिलानमध्ये मारला गेला. त्याच्या मालमत्तेची १५२५ मध्ये केलेली यादी १९९० च्या सुमारास हाती लागली. तिच्यात ‘जोकोंदा’ नावाचं चित्र आहे, म्हणजे जोकोंदो या त्या रेशीम व्यापाऱ्याची बायको, म्हणजे आपली मोनालिसा. मग राजाने काय विकत घेतलं?

एक उत्तर असं, की यादीतली चित्रं म्हणजे सालाईने काढलेल्या नकला. लिओनार्डोच्या कार्यशाळेत मूळ चित्रासोबत नकला होत असत. मोनालिसाची अशी एक समकालीन नक्कल माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. दुसरं उत्तर: यादीत लावलेल्या किमती नकलांच्या मानाने फार चढ्या आहेत, त्यामुळे अस्सल चित्रं त्याच्याकडेच होती आणि फ्रान्सच्या राजाकडे ती नंतर आली. मला पहिलं जास्त पटतं. एवढी रक्कम राजाच्या तिजोरीतून गेली ती कशासाठी, याचं उत्तर दुसऱ्या बाजूला नीट देता येत नाही. पण दोन्ही वाटांनी गेलं तरी आपण पोचतो फ्रान्स्वाच्याच दाराशी, आणि तेही पैसे मोजून.

पुढे चित्र फाँतेनब्लोच्या राजवाड्यात, मग व्हर्सायला, आणि क्रांतीनंतर लूव्रमध्ये. नेपोलियनचा संबंध एवढाच, की १८०० च्या सुमारास त्याने ते काही वर्षं आपल्या शयनगृहात टांगलं. पेरुज्जाच्या डोक्यातला गोंधळ बहुधा तिथूनच आला असावा.

राजाच्या मांडीवर डोकं ठेवून गेला, हे खरं का?

लिओनार्डो २ मे १५१९ ला क्लूच्या वाड्यात वारला. त्याने राजाच्या मिठीत प्राण सोडले ही गोष्ट लिहिली कलाकारांची चरित्रं लिहिणाऱ्या व्हासारीने, १५५० मध्ये, घटनेनंतर एकतीस वर्षांनी. १८१८ मध्ये अँग्र या चित्रकाराने तो प्रसंग रंगवला आणि तेव्हापासून तो सगळ्यांना ‘दिसतो’.

अडचण अशी, की ३ मे १५१९ चं एक राजाज्ञापत्र साँ-जेर्मँ-आँ-ले इथून निघालेलं आहे. ते पॅरिसजवळ, आंब्वाजपासून दोनशे किलोमीटरहून लांब. घोड्यावर दोन दिवस तरी हवेत. दरबारही तिथेच होता, कारण ३१ मार्चला राजाला तिथे दुसरा मुलगा झाला होता. यावर प्रतिवाद होतो, की राजाच्या नावाने आज्ञापत्र निघायला राजा जागेवर लागतोच असं नाही. तत्त्वतः मान्य. पण मेल्झीने १ जून १५१९ ला लिओनार्डोच्या भावांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. “तो मला बापासारखा होता” असं त्यात लिहिलंय, आणि राजा आल्याचा एक शब्दही नाही. आपल्या गुरूने फ्रान्सच्या राजाच्या हातांत डोळे मिटले असते तर कुठला शिष्य हे कळवायचं विसरेल? शिवाय व्हासारीने वय लिहिलंय ७५. होतं ६७.

आणि ते भुयार?

असणारच. प्रत्येक वाड्यातून एक भुयार निघतं आणि ते किल्ल्यापर्यंत, नाहीतर नदीपर्यंत, नाहीतर देवळापर्यंत जातं, हा नियम फ्रान्समध्येही लागू आहे. क्लो ल्यूसेमध्ये भुयाराचं तोंड दाखवतात, आणि राजा त्यातून रोज गप्पा मारायला येई असं सांगतात. तळघर, पाण्याची वाट किंवा दगड काढलेली पोकळी यांना ल्वारच्या खडकात तोटा नाही. तुफो काढून उरलेल्या गुहांत लोक आजही वाइन ठेवतात. पण ‘रोज’ हा शब्द मात्र खटकतो. फ्रान्स्वाचा दरबार फिरता होता, आज इथे तर महिन्याने तिथे. आणि मोकळ्या हवेत दहा मिनिटांची चाल असताना सहा फुटी राजाने वाकून अंधारातून का जावं?

आज दिसतं ते किती खरं?

लिओनार्डोनंतर वाडा बऱ्याच हातांतून गेला. १५८३ मध्ये तो मिशेल द गास्तकडे आला. तिसऱ्या हेन्रीच्या या सरदाराचं नाव पुढे गीझच्या कार्डिनलच्या खुनाशी जोडलं गेलं. मग लग्नसंबंधातून वाडा दांब्वाज घराण्याकडे गेला, आणि त्यांनी तो क्रांतीच्या धामधुमीतून सांभाळून नेला. १८५५ मध्ये साँ-ब्री घराण्याने घेतला, तो अजून त्यांच्याचकडे आहे. १९५४ मध्ये लोकांसाठी खुला झाला.

म्हणजे तिथे जाणारा माणूस एका वेळी पाच-सहा घरांतून चालत असतो. दर्शनी भाग पंधराव्या शतकाचा. खालच्या दिवाणखान्यातलं लाकडी काम अठराव्या शतकाच्या थाटाचं. लिओनार्डोची खोली म्हणून जी दाखवतात तिथला पलंग त्या काळातला, पण त्याचाच असं म्हणायला आधार नाही. तळघरातली यंत्रं म्हणजे त्याच्या वह्यांतल्या रेखाटनांवरून विसाव्या शतकात बनवलेले नमुने. यात फसवणूक नाही, पण कुठला थर कधीचा हे पाट्या वाचल्याशिवाय कळत नाही, आणि पाट्या वाचतो कोण?

किल्ल्याच्या आवारातल्या साँ-ह्यूबेर प्रार्थनाघरात लिओनार्डोची समाधी आहे. तीही थरांचीच गोष्ट. त्याला पुरलं होतं साँ-फ्लोराँताँ या दुसऱ्याच चर्चमध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला किल्ल्याच्या नव्या मालकाने डागडुजीला दगड हवे म्हणून ते चर्चच पाडलं. १८६३ मध्ये त्या जागी खोदल्यावर एक सांगाडा आणि तुटक्या अक्षरांचे दगड मिळाले. ती हाडं आज समाधीत आहेत, ‘त्याची असावीत’ एवढ्याच दाव्यासह.

म्हणजे इटलीने गप्प बसावं?

मोनालिसापुरतं, होय. चित्रकाराने स्वतः नेलेलं, राजाने पैसे मोजून घेतलेलं चित्र. पण कागद आहे म्हणजे व्यवहार रास्त, असा नियम करू नका. कोहिनूरचाही कागद आहे: १८४९ चा लाहोरचा करार. त्यावर दुलीपसिंग महाराजांची सही आहे. तेव्हा त्यांचं वय होतं दहा वर्षं, आणि आई त्यांच्यापासून दूर केलेली होती. तेव्हा कागदासोबत हेही पाहायचं असतं, की सही करणाऱ्याला नाही म्हणता आलं असतं का. लिओनार्डोला आलं असतं. तो रोमला, फ्लॉरेन्सला परत जाऊ शकत होता.

गंमत म्हणजे लुटीचं चित्र बघायचंच असेल तर लांब जायला नको. लूव्रच्या ज्या दालनात मोनालिसा आहे, तिच्या बरोबर समोरच्या भिंतीवर व्हेरोनेसे या इटालियन चित्रकाराचं, बायबलमधल्या काना गावच्या लग्नाचं प्रचंड चित्र आहे. ते व्हेनिसच्या एका मठातल्या भोजनगृहातून १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने उचललं. लोक रोज हजारोंनी त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात आणि मोनालिसाचे फोटो काढतात.

क्लूच्या वाड्यात लिओनार्डोचं खरोखर काय उरलंय?

वस्तू म्हणाल तर नाव घेण्यासारखं काही नाही. पण त्याच्या वह्यांत घर उरलंय. “आंब्वाजला, क्लूमध्ये, मे १५१७” अशी नोंद त्याच्या हातची आहे. आणि १५१८ च्या सुमाराचं एक पान आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यावर त्रिकोणांचं काहीतरी भूमितीचं कोडं तो सोडवतोय, ओळीमागून ओळ, आणि अचानक थांबतो: “वगैरे. कारण सूप गार होतंय.”

स्वयंपाकघरातून हाक मारणारी मात्युरीन असावी, असं अभ्यासकांना वाटतं. घरकाम करणारी ती बाई. मृत्युपत्रात तिलाही वाटा आहे: अस्तराला फर लावलेला उंची काळ्या कापडाचा एक झगा, थोडं कापड आणि दोन डुकॅट नाणी.